अठरा सामने जिंकून एकच हरलेला संघ विजेता का नाही? २००७ चा एनएफएल हंगाम समजून घेताना

दर फेब्रुवारीत एका सोमवारी, आपल्याकडे पहाटेचे पाच वाजत असताना, अमेरिकेत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा अंतिम सामना, सुरू होतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाचं किंवा भाचीचं स्टेटस त्या दिवशी जर्सी घातलेल्या फोटोंनी भरून जातं. त्या गप्पांमध्ये एक आकडा हमखास निघतो: 'अठरा-एक'. नवख्या माणसाला वाटतं, १८ विजय आणि १ पराभव म्हणजे केवढं कौतुक! पण न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या चाहत्यासमोर तो उच्चारून बघा, चेहरा पडतो. न्यूयॉर्क जायंट्सचा चाहता मात्र खुलतो. (नाव न्यूयॉर्कचं असलं तरी हा संघ खेळतो न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांमधली मुलं बहुधा याच संघाची.)

हा आकडा २००७ च्या हंगामाचा आहे. पेट्रियट्सनी साखळीतले १६ पैकी १६ सामने जिंकले, बाद फेरीतले दोन जिंकले आणि अंतिम सामना १७-१४ असा जायंट्सकडून हरले. जायंट्सनी त्याच हंगामात सहा सामने गमावले होते. असं का झालं, याचं एक उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. दुसरं एका साध्या बेरीज-वजाबाकीत आहे, आणि ते जास्त रंजक आहे.

आधी खेळ, अगदी कामापुरता

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू आणि १०० यार्डांचं मैदान. यार्ड म्हणजे तीन फूट. ज्याच्याकडे चेंडू, त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेला, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही गेला, तर चेंडू समोरच्याला. कबड्डीत जशी एक चढाई संपली की क्षणभर सगळं थांबतं, तसा इथे प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि दोन्ही बाजू नव्याने उभ्या राहतात. म्हणूनच एका तासाच्या खेळाला प्रत्यक्षात तीन-साडेतीन तास लागतात.

चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेलं की टचडाऊन: सहा गुण, आणि त्यानंतरच्या सोप्या किकचा एक. तेवढं जमत नसेल तर दोन खांबांमधून चेंडू लाथाडायचा, तो फील्ड गोल, तीन गुणांचा. आक्रमणाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो कुणाला फेकायचा हे तो ठरवतो. चेंडू फेकण्याआधीच त्याला पाडलं, तर त्याला सॅक म्हणतात. एवढं पुरे.

हंगाम म्हणजे साखळी की बाद फेरी?

दोन्ही, पण साखळीची पुण्याई बाद फेरीत फारशी उपयोगी पडत नाही. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. ते दोन परिषदांमध्ये विभागलेले, प्रत्येकीत १६. प्रत्येक परिषदेत चार-चार संघांचे चार गट. २००७ मध्ये प्रत्येक संघ १६ साखळी सामने खेळायचा (आता १७ असतात) आणि प्रत्येक परिषदेतून सहा संघ बाद फेरीत जायचे: चार गटविजेते आणि उरलेल्यांतले सर्वोत्तम दोन. पहिल्या दोन मानांकितांना पहिली फेरी माफ आणि पुढचा सामना घरच्या मैदानावर. बक्षीस एवढंच. फुटबॉलच्या युरोपीय लीगमध्ये साखळीत पहिला येणारा थेट विजेता असतो, तसं इथे नाही. आयपीएलमध्ये गुणतक्त्यावर पहिल्या आलेल्या संघाला एक जादा संधी तरी मिळते. इथे तीही नाही. हरलात की घरी.

गटाचा भाग कधीकधी अन्यायाचाही होतो. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, पेट्रियट्सनी ११ सामने जिंकूनही बाद फेरी हुकली, आणि सॅन डिएगो चार्जर्स ८ जिंकून आत गेले, कारण त्यांचा गट कमजोर होता आणि त्यात ते पहिले आले.

आता थोडा हिशेब. समजा एखादा संघ इतका जबरदस्त आहे की कुठलाही सामना जिंकण्याची त्याची शक्यता ९० टक्के आहे. असे सलग १९ सामने जिंकण्याची शक्यता किती? ०.९ ला १९ वेळा गुणा, उत्तर येतं साधारण साडेतेरा टक्के. म्हणजे सातात एकदा. शक्यता ९५ टक्के धरली तरी १९ पैकी १९ चं गणित ३८ टक्क्यांच्या आसपासच अडकतं. म्हणजे अपराजित हंगाम हुकणं हे नवल नव्हतं, १८ पर्यंत पोचणं हे नवल होतं. एनएफएलच्या इतिहासात साखळी आणि बाद फेरी दोन्ही न हरता जिंकणारा संघ एकच, १९७२ चा मायामी डॉल्फिन्स, १७ पैकी १७. गंमत म्हणजे २००७ मध्ये तोच मायामी संघ १६ पैकी फक्त एक सामना जिंकला.

पेट्रियट्स एवढे भारी का होते?

प्रशिक्षक बिल बेलिचिक, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. ही जोडी आधीच तीन सुपर बोल जिंकलेली. २००७ च्या वसंतात त्यांनी दोन झेलकरी आणले. रँडी मॉस ओकलंडकडून आला, फक्त चौथ्या फेरीच्या ड्राफ्ट हक्काच्या बदल्यात. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू फेरीफेरीने निवडायची पद्धत. त्या फेऱ्यांचे हक्क संघ एकमेकांना चलनासारखे देतात, आणि चौथी फेरी म्हणजे चिल्लर. दुसरा वेस वेलकर, मायामीहून आलेला. मॉस उंच आणि वेगवान, तो लांब पळायचा. वेलकर बुटका आणि चपळ, तो जवळच्या फटींतून निसटायचा. लांब झाकायला गेलात तर जवळ मोकळं, जवळ झाकलंत तर डोक्यावरून चेंडू.

परिणाम: ब्रेडीचे ५० टचडाऊन पास, तेव्हाचा विक्रम. मॉसचे २३ टचडाऊन झेल, हाही विक्रम. संघाचे ५८९ गुण, म्हणजे सामन्याला जवळजवळ ३७. वॉशिंग्टनला त्यांनी ५२-७ असं धुतलं.

पण आकडे नीट पाहिले तर नोव्हेंबरपासून घसरगुंडी दिसते. इंडियानापोलिसविरुद्ध २४-२०, फिलाडेल्फियाविरुद्ध ३१-२८. ३ डिसेंबरला बाल्टिमोरविरुद्ध २७-२४, आणि तेही कसं? बाल्टिमोरने शेवटच्या मिनिटांत चौथ्या प्रयत्नावर ब्रेडीला अडवलं होतं, पण त्यांच्याच बाकावरून एका प्रशिक्षकाने क्षणभर आधी विश्रांतीची वेळ मागितली होती. प्रयत्न रद्द झाला आणि पेट्रियट्सना पुन्हा संधी मिळाली. विक्रमाच्या यादीत मात्र तो फक्त एक विजय दिसतो.

कॅमेऱ्याचं प्रकरण काय होतं?

हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, ९ सप्टेंबरला, पेट्रियट्सचा एक कर्मचारी न्यूयॉर्क जेट्सच्या प्रशिक्षकांच्या हातवाऱ्यांचं चित्रीकरण करताना पकडला गेला. बचावाचे डाव तेव्हा बाकावरून हातवाऱ्यांनीच कळवले जायचे. लीगने बेलिचिकला ५ लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड केला, वर पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट हक्क काढून घेतला.

इथे एक बारकावा लोक विसरतात. समोरच्याच्या खुणा डोळ्यांनी वाचणं गुन्हा नव्हतं, आजही नाही. सामना चालू असताना मैदानाच्या कडेवरून त्या कॅमेऱ्यात घेणं हा गुन्हा होता. मग बाकीचे विजय फसवणुकीचे का? प्रकरण पहिल्याच सामन्यात उघड झालं, नंतर सगळ्या लीगचे डोळे त्यांच्यावर रोखलेले होते, आणि तरी ते जिंकत राहिले. म्हणून २००७ चे आकडे त्या कॅमेऱ्यावर ढकलता येत नाहीत. त्याआधीच्या वर्षांबद्दल शंका घेणाऱ्यांचं तोंड मात्र कायमचं उघडलं. पुढच्या हंगामापासून बचावातल्याही एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायला परवानगी मिळाली, म्हणजे हातवाऱ्यांची गरजच कमी झाली.

आणि जायंट्स?

पहिले दोन सामने हरले, त्यांत ८० गुण खाल्ले. प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांची नोकरी जाणार अशी कुजबूज होती. मग सलग सहा विजय, त्यांतला सहावा लंडनच्या वेम्बलीवर. शेवटी १०-६, गटात डॅलसच्या मागे, पाचवं मानांकन. म्हणजे बाद फेरीतला प्रत्येक सामना दुसऱ्याच्या घरी: टॅम्पाला जिंकले, डॅलसला जिंकले आणि २० जानेवारीला ग्रीन बेला उणे १८ अंश सेल्सियसमध्ये जादा वेळेत २३-२० असे जिंकले.

त्याआधी २९ डिसेंबरची एक गोष्ट महत्त्वाची. साखळीचा शेवटचा सामना जायंट्स विरुद्ध पेट्रियट्स असाच होता. जायंट्सचं पाचवं मानांकन पक्कं झालं होतं. जिंकले काय, हरले काय, फरक शून्य. बहुतेक प्रशिक्षक अशा वेळी मुख्य खेळाडूंना बसवून ठेवतात, कारण दुखापत झाली तर बाद फेरी गेली. कॉफलिन यांनी सगळ्यांना उतरवलं. हरले, ३८-३५, पण तिसऱ्या सत्रात २८-१६ असे पुढे होते. पाच आठवड्यांनी पुन्हा हाच संघ समोर येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी सोळाशून्यवाले माणसंच आहेत, हे जायंट्सच्या खेळाडूंनी जवळून बघून घेतलं.

खरी किल्ली: अकरातून चार गेले, उरले सात

आता ती वजाबाकी. आक्रमणाच्या अकरा जणांत एक क्वार्टरबॅक. पाच धिप्पाड गडी त्याच्यापुढे भिंत करून उभे असतात. साधारणपणे या पाचांना पास झेलायची परवानगी नसते, त्यांचं काम राखण. उरले पाच, तेच चेंडू झेलू शकतात. म्हणजे कितीही हुशार डाव आखा, झेलणारे जास्तीत जास्त पाच.

बचावाच्या अकरांपैकी काही जण क्वार्टरबॅकवर धावून जातात, बाकीचे मागे थांबून झेलकऱ्यांना झाकतात. चार धावले तर मागे सात राहतात: पाच झेलकऱ्यांवर सात पहारेकरी, म्हणजे मॉससारख्यावर दोन लावून वर आणखी एक हाताशी. पाच धावले तर मागे सहा. सहा धावले तर पाचावर पाच, आणि एकाचा पाय घसरला की टचडाऊन. चारापेक्षा जास्त जण धाडण्याला ब्लिट्झ म्हणतात.

मग नेहमी चारच का नाही धाडत? कारण समोर भिंत पाचांची आहे. चारावर पाच म्हणजे राखणदारांचा एक माणूस मोकळा, तो कुणावरही दुसरा जाऊन पडतो. चार जण पोचायला वेळ लागतो. आणि ब्रेडीसारख्याला चार सेकंद मिळाले तर मागे सात असोत की नऊ, कुणीतरी मोकळा सापडतोच. सातांनी झेलकऱ्यांना जन्मभर झाकायचं नसतं, अडीच-तीन सेकंदच झाकायचं असतं. त्या वेळात चौघांनी पोचायला हवं. ते जमलं तर बचावाचं गणित फुकटात जुळतं, नाही जमलं तर सातही अपुरे.

कबड्डी बघणाऱ्याला हे लगेच पटेल. दोन कोपरारक्षकांनीच चढाईपटूचा पाय धरून ठेवला, तर बाकीच्यांना जागा सोडावी लागत नाही. कोपरे कच्चे असले की कव्हरवाले पुढे धावतात आणि मागे मोकळं रान पडतं.

जायंट्सकडे असे कोपरे होते. मायकेल स्ट्रॅहान, ३६ वर्षांचा, त्या उन्हाळ्यात निवृत्तीचा विचार करत बसलेला. ओसी उमेन्यिओरा, ज्याने ३० सप्टेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध एका सामन्यात सहा सॅक केले. आणि जस्टिन टक. हंगामात संघाचे ५३ सॅक झाले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि त्यांतले ३२ या तिघांचे. बचावाचे नवे प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांनी युक्ती केली ती टकच्या बाबतीत. कडेने धावणारा हा गडी त्यांनी पासच्या वेळी मधे आणला. मधल्या राखणदारांना सरळ अंगावर येणारे जडशीळ खेळाडू अडवायची सवय असते, टकसारखा चपळ माणूस समोर आला की त्यांचे पाय कमी पडतात. कडेवरून आलेला धोका क्वार्टरबॅक पुढे एक पाऊल टाकून चुकवू शकतो. मधून आला तर पुढे पाऊल टाकायलाच जागा नसते.

३ फेब्रुवारी २००८, ग्लेनडेल, ॲरिझोना

सट्टेबाजारात पेट्रियट्स बारा गुणांच्या आसपास वरचढ धरलेले. त्यांच्या मालकांनी '१९-०' हे ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्जही केला होता, सामन्याआधीच. आपल्याकडे याला बाजारात तुरी म्हणतात.

जायंट्सनी पहिलाच डाव जवळजवळ दहा मिनिटं चालवला आणि तीन गुण घेतले. म्हणजे पहिल्या सत्राचा दोन-तृतीयांश वेळ ब्रेडी बाकावर. त्यानंतर पेट्रियट्सचा टचडाऊन, मध्यंतराला ७-३. साखळीच्या १६ सामन्यांत मिळून २१ वेळा सॅक झालेला ब्रेडी त्या एका रात्री पाच वेळा पडला. पाचपैकी चार सॅक पुढच्या फळीतल्यांचे, त्यांत दोन टकचे. एक मागून धावून आलेल्या कवाइका मिचेलचा, कारण कधीमधी पाचवा धाडला नाही तर समोरचा निर्धास्त होतो. त्यात पेट्रियट्सच्या भिंतीतला उजव्या बाजूचा एक राखणदार पहिल्या अर्ध्यातच जायबंदी होऊन बाहेर गेला. वेलकरने ११ झेल घेतले, मॉसने पाचच. जायंट्सनी जवळचे पास खुशाल दिले आणि लांबचं दार लावून घेतलं.

तिसऱ्या सत्रातला एक निर्णय आजही खटकतो. पेट्रियट्स चौथ्या प्रयत्नावर जायंट्सच्या ३१ यार्डांच्या रेषेवर होते, हवे होते १३. फील्ड गोलचं अंतर काढायला रेषेच्या आकड्यात १७-१८ मिळवायचे, कारण खांब दहा यार्ड आत असतात आणि किक सात-आठ यार्ड मागून मारली जाते. म्हणजे साधारण ४९ यार्डांची किक. अवघड, पण छताखालच्या मैदानावर अशक्य नाही. बेलिचिक यांनी पास टाकायला लावला, तो वाया गेला. सामना गेला तीन गुणांनी.

शेवटच्या सत्रात जायंट्स १०-७, मग २ मिनिटं ४२ सेकंद उरले असताना मॉसचा टचडाऊन आणि पेट्रियट्स १४-१०.

हेल्मेटवरचा झेल म्हणजे निव्वळ नशीब नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. सव्वा मिनिट उरलं होतं. तिसरा प्रयत्न, पाच यार्ड हवे. जायंट्सचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग याची जर्सी दोघांनी मागून अक्षरशः मुठीत धरली होती. तो निसटला, वळला आणि मधोमध चेंडू भिरकावला. डेव्हिड टायरीने उडी मारली, एक हात सुटला, तेव्हा त्याने चेंडू उजव्या हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला. रॉडनी हॅरिसन तो ओरबाडत असताना दोघे खाली पडले. ३२ यार्ड. टायरीने त्या अख्ख्या साखळीत मिळून चार झेल घेतले होते, आणि हा झेल त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा ठरला. त्याच्या आधीच्याच प्रयत्नावर पेट्रियट्सच्या असांते सॅम्युअलच्या बोटांना लागून चेंडू निसटला होता. तो पकडला असता तर खेळ खलास.

तेव्हा नशीब होतंच. पण सामन्याला ३७ गुण करणारा संघ १४ वर रोखलेला नसता, तर त्या झेलाला किंमतच नव्हती. आणि झेलाने टचडाऊन झाला नाही. त्यानंतर आणखी एका तिसऱ्या प्रयत्नावर ११ यार्ड हवे असताना स्टीव्ह स्मिथने १२ काढले, मग ३५ सेकंद उरले असताना प्लॅक्सिको बरेसला १३ यार्डांचा मोकळा पास मिळाला. त्या वेळी पेट्रियट्सनी ब्लिट्झ केला होता. जादा माणसं पुढे धाडली आणि मागे बरेसवर एकटा पहारेकरी उरला. उलट जायंट्सच्या बचावाने शेवटच्या २९ सेकंदांतही ब्रेडीला एकदा पाडलं.

मग सगळेच असं का खेळत नाहीत?

खेळायला सगळेच तयार असतात, पण माणसं मिळत नाहीत. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, २००७ मध्ये ती १० कोटी ९० लाख डॉलर होती. एकट्याने दोन राखणदारांना भारी पडणारे तीन-चार गडी एका वेळी त्या पैशांत बसवणं अवघड. जायंट्सचे तिघेही ड्राफ्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतून आलेले होते. आता तर अशा खेळाडूंचे भाव क्वार्टरबॅकच्या खालोखाल असतात. आक्रमणानेही तोड काढली: चेंडू दोन-अडीच सेकंदांत सोडायचा, म्हणजे चौघे पोचण्याआधीच काम संपतं.

तरी योग्य माणसं जमली की जुनं गणित लागू पडतं. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवलं. पॅट्रिक महोम्सला सहा वेळा पाडलं आणि संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. कॅन्सस सिटीच्या बाकाजवळ, बचावाचे प्रशिक्षक म्हणून, स्टीव्ह स्पॅग्नुओलो उभे होते.